अर्थ तुमचा, शिडी आमची

नाटक लिहायला घेतलंय म्हणता? उत्तम. मग आपल्याला काय म्हणायचंय याचा फार विचार करत बसू नका. ते काम मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेतली माणसं करतात, आणि तुमच्यापेक्षा बरं करतात. दादरला शिवाजी मंदिरात एखाद्या प्रयोगाला त्या रांगेत कान देऊन उभे राहा. वडा हातात पडेपर्यंत तुमच्या नायिकेच्या मौनाचे तीन अर्थ निघालेले असतात. त्यातला एकही तुमचा नसेल. तरी सगळ्यात भारी वाटेल तो पाठ करून ठेवा, पुढे मुलाखतीत लागतो.

आमच्याच एका एकांकिकेचं सांगतो. स्पर्धेच्या प्रयोगाआधी लाइट लावणारा मित्र ॲल्युमिनियमची शिडी विंगेत न्यायची विसरला. पडदा उघडला तर शिडी डावीकडे तशीच. नटांनी तिला वळसे घातले, एकीचा पदर अडकला, तो सोडवण्यात एक वाक्य गिळलं गेलं. निकालाआधी परीक्षक म्हणाले, "या शिडीवर शेवटपर्यंत कुणीच चढत नाही. मध्यमवर्गाची कोंडी इतक्या थोडक्यात मी पाहिलेली नाही." अशा वेळी काय करायचं असतं? चेहरा गंभीर ठेवायचा आणि मान किंचित तिरकी हलवायची. उभी हलवली तर खोटं बोलल्यासारखं होतं, आडवी हलवली तर बक्षीस जातं. आम्हाला दुसरं मिळालं.

"मला तसं म्हणायचं नव्हतं" हे वाक्य तर कायमचं विसरा. रोलाँ बार्त या फ्रेंच समीक्षकाने 1967 सालीच लेखकाचा मृत्यू जाहीर करून टाकलाय. लिहून झालं की लेखकाचा संबंध संपला, पुढचा कारभार वाचकाचा. (त्या निबंधावर स्वतःचं नाव मात्र त्याने राहू दिलं.)

मुंबईत हे मरण जरा जपूनच मरा. इथे संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय प्रयोग होत नाही, आणि एखाद्या संवादाचा खुलासा हवा असला तर तो वड्याच्या रांगेतल्या काकांकडे कुणी मागत नाही. टाळ्या पडल्या की अर्थ प्रेक्षकाचा, भावना दुखावल्या की लेखकाचा, अशी वाटणी आहे. ज्यांच्या भावना दुखावल्या त्यांनी नाटक पाहिलंय का, असं चुकूनही विचारू नका. पास तुम्हालाच द्यावे लागतील.

खाडिलकरांचंच बघा ना. 1907 साली त्यांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं. गोष्ट महाभारतातली, दरबार विराटाचा, लॉर्ड कर्झनचं नाव कुठेही नाही. पण पिटातल्या माणसाला कीचकाच्या जागी कर्झन दिसला, द्रौपदीच्या जागी भारतमाता, सबुरीने घ्या म्हणणारा युधिष्ठिर मवाळ वाटला आणि भीम जहाल. गोऱ्या सरकारलाही नेमकं तेच दिसलं आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. आता खाडिलकर म्हणजे टिळकांचे 'केसरी'तले सहकारी, त्यांच्या मनात ते नव्हतंच असं मानायला मी काही तयार नाही. पण त्यांना विचारायची गरज कुणाला पडली? नाटकाच्या अर्थावर प्रेक्षक आणि सरकार यांचं एकमत झालं की नाटक बंद पडतं. तेव्हा लिहिताना एवढी धूसरता ठेवा, की दोघे बाहेर पडल्यावर निदान पार्किंगपर्यंत तरी भांडत जातील.

आणि एकदा चिकटलेला अर्थ सोडवायला जाऊ नका. बक्षिसानंतर एका प्रयोगाला आम्ही शहाणपणा करून शिडी नेली नाही. एका बाईंनी विंगेत येऊन झापलं, "शिडी काढलीत? नाटकाचा जीवच काढलात की!" मग संहितेत रीतसर लिहून टाकलं: 'डावीकडे शिडी.' तेव्हापासून ती वाहतोय. मागच्या खेपेला दादरहून पार्ल्याला, दीनानाथला चाललो होतो, स्लो लोकलच्या लगेजच्या डब्यात. समोर मासळीच्या रिकाम्या पाट्या रचून एक मावशी बसल्या होत्या.

"रंग द्यायला चाललात काय रे?"

"नाही मावशी, नाटकात लागते."

"कोण चढतं?"

"कोणीच नाही."

"मग नेता कशाला?"

माहीम गेलं, वांद्रं गेलं. परीक्षकांचं ते कोंडीचं वाक्य आम्हाला तोंडपाठ होतं, पण त्या वासात ते तोंडातून निघेना. शेवटी खार आल्यावर आम्ही दोघांनी मान किंचित तिरकी हलवली.

"मान काय हलवता? तिचा पाय माझ्या पाटीतून काढा आधी."

आम्ही काढला.