‘एक बाप’ यांना उत्तर : विचारायची तारीख तरी असू द्या

मागच्या लेखात मी एवढंच म्हटलं होतं, की अठराच्या आत असताना खून केलेल्या माणसाच्या सुटकेचा कधीतरी विचार व्हायला हवा. त्यावर ‘एक बाप’ या नावानं प्रतिक्रिया आली. ती थोडक्यात अशी : “सतरा वर्षांचा पोरगा कमरेला कोयता खोचून फिरतो, तेव्हा तो बालक नसतो. तीन वर्षांत बाहेर येतो, वर पॅरोल. अमेरिकेत असल्यांना मरेपर्यंत आत ठेवतात. तुमच्या घरातलं कुणी गेलं असतं तर हे पांडित्य सुचलं असतं का? एवढाच पुळका असेल तर सुटल्यावर त्याला तुमच्या वरच्या मजल्यावर खोली द्या भाड्यानं.”

साहेब, प्रतिक्रिया तशीच ठेवली आहे, एक शब्दही उडवला नाही. उत्तर मात्र लांबलंय, सांभाळून घ्या.

घरातलं कुणी गेलेलं नाही. गल्लीतलं गेलंय. मी नाशिकच्या सिडकोत राहतो. आमच्या मागच्या ओळीतला बावीस वर्षांचा मुलगा, ‘काय बघतो रे?’ एवढ्यावरून लागलेल्या भांडणात गेला. मारणारे तिघं, त्यातला एक सतराचा. गेलेल्या मुलाची मोटारसायकल अजून जिन्याखाली उभी आहे, निळ्या कव्हरमध्ये. दर रविवारी सकाळी वहिनी, म्हणजे त्याची आई, कव्हर काढतात, किल्ली फिरवतात आणि पाचेक मिनिटं गाडी नुसती चालू ठेवतात. बॅटरी उतरू नये म्हणून. त्यांना गाडी चालवता येत नाही. रविवारी त्या आवाजानंच आमच्याकडे चहाचं आधण चढतं. तेव्हा मी हे सगळं गंगापूर रोडच्या एखाद्या हॉलमध्ये व्याख्यान ऐकून लिहितोय, असं समजू नका.

पोलिसांनी पकडलेल्या गुंडांकडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ म्हणवून घेतलेले रील्स तुम्ही पाहिले असतीलच. मीही पाहिले, आणि खोटं कशाला बोलू, दोनचार वेळा पाहिले. काल गल्लीत दादागिरी करणारा आज हात जोडून बोलतोय, हे बघून बरं वाटतं. पण त्यानं पुढच्या वीस वर्षांचा हिशेब सुटत नाही.

आता तुमच्या ‘तीन वर्षां’बद्दल. हे तुमच्या डोक्यात कुठून बसलं ते मला ठाऊक आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे घडलं, त्यातला अल्पवयीन आरोपी डिसेंबर २०१५ मध्ये सुटला. तेव्हाच्या कायद्यात तीन वर्षं हीच कमाल मर्यादा होती. पण तो सुटला त्याच आठवड्यात राज्यसभेनं नवा बाल न्याय कायदा मंजूर केला आणि जानेवारी २०१६ पासून तो लागू झाला. सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलानं खुनासारखा निर्घृण गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ आधी त्याची प्राथमिक चाचपणी करतं. गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक कुवत होती का, परिणाम कळत होते का, परिस्थिती काय होती, हे पाहतं. मग वाटलं तर प्रौढासारखा खटला चालवायला प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवतं. तिथं जन्मठेपही होऊ शकते. फाशी होऊ शकत नाही, आणि सुटकेची शक्यताच नाही अशी जन्मठेपही होऊ शकत नाही. कलम २१. तीन वर्षांची मर्यादा सोळाच्या खालच्यांना आहे, आणि ज्यांची चाचपणी होऊन प्रकरण मंडळाकडेच राहतं त्यांना.

पॅरोल या शब्दानं तर आपल्याकडे फार घोटाळा केलाय. तुम्ही म्हणता तो पॅरोल म्हणजे आपली अभिवचन रजा. आई आजारी आहे, घरात मयत झालंय, म्हणून कैदी काही दिवस घरी येतो आणि परत जातो. ते दिवस शिक्षेत धरतही नाहीत. संचित रजा, म्हणजे फर्लो, ती वेगळी. तिचे दिवस शिक्षेत धरले जातात. नाशिकरोड जेलच्या आसपास राहणाऱ्याला हा फरक पानवालाही सांगेल. अमेरिकेत पॅरोल म्हणजे अटी घालून केलेली सुटका. आपल्याकडे त्याच्या जवळचं काही असेल तर ती मुदतपूर्व सुटका, आणि जन्मठेपेत तिचा विचार सहसा चौदा वर्षं भरल्याशिवाय होतच नाही. माझा लेख या मुदतपूर्व सुटकेबद्दल होता. मीही लेखात सरसकट पॅरोल लिहून ठेवलं होतं, ही चूक माझी.

अमेरिकेचं म्हणाल, तर तुमची माहिती जरा जुनी आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अल्पवयात केलेल्या गुन्ह्यासाठी फाशी २००५ मध्ये बंद केली. २०१२ मध्ये सांगितलं, की अशा मुलाला सुटकेविना जन्मठेप आपोआप ठोकता येणार नाही. निम्म्याहून जास्त राज्यांनी ती शिक्षाच काढून टाकली आहे. यातला हेन्री माँटगोमेरी मला नेहमी आठवतो. १९६३ मध्ये, सतराव्या वर्षी, त्यानं लुइझियानात एका डेप्युटी शेरीफला गोळी घातली. २०१६ चा निकाल त्याच्याच नावाचा. २०१२ चा नियम जुन्या कैद्यांनाही लागू, असं त्यात ठरलं. तरी पॅरोल मंडळानं त्याला दोनदा नाकारलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुटला तेव्हा तो पंच्याहत्तर वर्षांचा होता. मारलेल्या अधिकाऱ्याच्या मुली त्याला तुरुंगात जाऊन भेटल्या होत्या. आम्ही क्षमा केली, म्हणाल्या, पण सोडायला विरोध कायम ठेवला. यात विसंगती आहे असं मला एकेकाळी वाटायचं. वहिनींची गाडी ऐकत राहिल्यापासून वाटत नाही.

माझ्या बाजूचं सगळ्यात अवघड प्रकरण दूरचं नाही, पुण्याचंच आहे. ते तुम्ही काढलं नाहीत, म्हणून मीच काढतो. ऑगस्ट १९९४, पौड रोड, राठी कुटुंब. पाच बायका, त्यातली एक गरोदर, आणि दोन लहान मुलं, सगळ्यांचा खून. त्यात फाशी झालेला नारायण चौधरी. २७ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून मान्य केलं, की गुन्हा घडला तेव्हा तो बारा वर्षं सहा महिन्यांचा होता. तोवर अठ्ठावीस वर्षं आत गेली होती, त्यातला बहुतेक काळ फाशीच्या छायेत. त्याला ताबडतोब सोडलं.

ही बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या, आणि एकीनं दुसरीला हटवलं नाही. एक, राठींच्या घरात जे उरले त्यांना हे सकाळी चहाबरोबर पेपरात वाचावं लागलं असेल. दुसरी, सातवीतल्या वयाच्या पोराला आपण फाशीच्या कोठडीत म्हातारपणाकडे नेत होतो, आणि इतक्या वर्षांत शाळेचं रजिस्टर कुणी उघडून पाहिलं नाही. तुम्ही म्हणाल, बारा वर्षांचा असं करू शकतो तर वयाला अर्थ काय? मी म्हणेन, अर्थ आहे, कारण चाळिशीतला जो माणूस बाहेर आला तो त्या पोराचं नाव घेऊन फिरणारा वेगळाच कुणीतरी असू शकतो. असेलच असं नाही. म्हणून तर बघावं लागतं.

मेंदू पंचविशीपर्यंत पिकत नाही वगैरे शास्त्र मी इथे आणत नाही. खरं असलं तरी ज्याचा मुलगा गेला त्याला ते ऐकवायला माझी जीभ वळत नाही. आणि ‘मुलं म्हणजे मातीचा गोळा’ हे मागच्या लेखातलं वाक्य मी मागे घेतो. ते स्वस्त होतं.

त्याऐवजी एक पाहिलेलं सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका निरीक्षणगृहात दर शनिवारी मराठी शिकवायला जात असे. पोलिसांच्या भाषेत तिथली मुलं ‘विधिसंघर्षित बालक’. आपसात एकमेकांना ‘भाई’. एकदा निबंध दिला : ‘दहा वर्षांनंतरचा मी’. कुणी पोलीस होणार होता, कुणी जेसीबी घेणार होता. एकानं अर्धा तास पेन्सिलीचं टोक चावून एकच ओळ लिहिली : ‘मी २६ वर्षांचा असेल.’ ‘असेन’ लिही, म्हणून मी खूण केली. त्यानं खोडलं, आणि विचारलं, “सर, बाकी काय लिहायचं?” त्याच्यावरचं कलम मला ठाऊक होतं. मला उत्तर देता आलं नाही.

माझं म्हणणं आजही तेवढंच आहे. सोडा, असं नाही. विचारायची तारीख ठेवा. कायद्यानं ती एकदा ठेवलीय : प्रौढासारखी शिक्षा झालेला असा मुलगा एकवीसचा झाला की बाल न्यायालयानं त्याच्यात फरक पडला का ते तपासायचं, पडला असेल तर देखरेखीखाली सोडायचं, नसेल तर उरलेली शिक्षा तुरुंगात. कलम २०. कागद पाहायचे, तज्ज्ञांना विचारायचं. मला वाटतं एकदा पुरत नाही. एकवीसला ‘नाही’ निघालं, तर अठ्ठाविसाला पुन्हा विचारा, पस्तिसाला पुन्हा.

आणि इथे, साहेब, तुमच्या रागाला मी पूर्ण शरण. त्या कलमात मुलाचे प्रगती-अहवाल आहेत, तज्ज्ञ आहेत. मेलेल्याच्या आईचा उल्लेख नाही. मारणाऱ्यांतला तो सतराचा मुलगा सुटल्याचं वहिनींना कुणी कळवलं नव्हतं. पवननगरच्या बाजारात मेथीची जुडी निवडताना समोर दिसला. जुडी तिथेच टाकून त्या रिक्षानं घरी आल्या. निर्णय त्यांच्या हाती द्यावा असं मी म्हणणार नाही. पण निदान आधी सांगणं, बोलावणं, त्यांचं लिहून घेणं? ते मागच्या लेखात माझ्याकडून सुटलं होतं, आणि ते चुकून सुटलं नव्हतं. लिहायला गैरसोयीचं होतं.

राहिली खोली. नाशिकरोड जेलमधल्या कैद्यांनी घडवलेला गणपती घेताना रंग कोणत्या हातानं दिला ते आपण कुणी विचारत नाही, पण खोलीचं वेगळं, हे मान्य. आमची वरची खोली दिवाळीपासून रिकामी आहे. देईन, असं वाटतं. पहिले काही महिने रात्री जिन्याच्या दाराला आतून कडी लावीन, हेही तितकंच खरं. बायकोला विचारलं. ती म्हणाली, “मला काय विचारता? आधी वहिनींना विचारा.”

अजून विचारलेलं नाही.