कॅपेसिटाबीन चालू असताना ‘ताकदीची गोळी’ नको

फॉलिक ॲसिड म्हणजे गरोदर बायकांना देतात ती साधी गोळी, म्हणून म्हापसा-मडगावच्या फार्मसीतून ती सहज घरी येते. आतड्याच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरवर कॅपेसिटाबीन चालू असेल, तर ती मनाने घेऊ नका. मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावरही फॉलिक ॲसिड शोधा.

कारण थायमिडिलेट सिंथेज हे एन्झाइम. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘टी’चा माल ते तयार करतं. भराभर वाढणाऱ्या गाठीला तो सतत लागतो. कॅपेसिटाबीनचं शरीरात फाइव्ह-एफयू होतं. १९५७ सालचं हे कॅन्सरचं औषध म्हणजे यूरॅसिलच (‘टी’ ज्यापासून घडतो तो कच्चा माल), फक्त पाचव्या जागी हायड्रोजनऐवजी फ्लोरीन बसवलेला. एन्झाइम नेहमीचा माल समजून ते धरतं, फ्लोरीन काही सुटत नाही, आणि एन्झाइम तिथेच अडकून पडतं. या विळख्याचा तिसरा पदर फोलेटचा, म्हणजे फॉलिक ॲसिडपासून शरीरात बनतं त्याचा. फोलेट जास्त, तर विळखा घट्ट. फाइव्ह-एफयूच्या सलाइनसोबत डॉक्टर ल्युकोव्होरिन (फोलेटचाच एक प्रकार) देतात ते यासाठीच, पण तिथे डोस त्या हिशेबाने बेतलेला असतो. घरच्या गोळीने हिशेब बिघडतो आणि तोंड येतं, जुलाब लागतात. गंमत अशी की जास्त डोसच्या मेथोट्रेक्सेट या फोलेट अडवणाऱ्या औषधानंतर तेच ल्युकोव्होरिन निरोगी पेशींना वाचवायला देतात. तेव्हा शेजारणीला चाललं म्हणून आपल्यालाही चालेल, असं नसतं.

कॅपेसिटाबीनचा नेहमीचा पूर्ण डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १२५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. १.६ चौरस मीटरच्या माणसाला ५०० च्या चार गोळ्या सकाळी, चार रात्री. १४ दिवस, मग ७ दिवस सुट्टी. खाल्ल्यावर अर्ध्या तासात घ्यायच्या, पेजही चालते. चुकलेला डोस पुढच्यात मिसळायचा नाही. वॉरफरिन चालू असेल तर आधीच सांगा, रक्त जास्तच पातळ होतं.

माझा खरा आग्रह डीपीडी तपासणीचा. फाइव्ह-एफयूचा ८० टक्क्यांहून जास्त निचरा डीपीडी हे दुसरं एन्झाइम करतं. ते जन्मतः कमी असलं तर पहिल्याच फेरीत जीव धोक्यात येतो. युरोपात २०२० पासून उपचाराआधी या तपासणीची शिफारस आहे. आपल्याकडेही पहिल्या गोळीआधी डॉक्टरांना विचारा.

तळवे लाल होऊन झोंबू लागले, तर कवळ्याच्या देवळातल्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा नको. नेहमीपेक्षा दिवसाला चार वेळा जास्त जुलाब किंवा १००.४ ताप दिसला, तर गोळी लगेच थांबवून वॉर्डात कळवा. महागाची स्ट्रिप वाया जाईल म्हणून उरलेल्या संपवत बसू नका.