लॉयलिस्ट सगळे गोरे होते? मग हॅरी वॉशिंग्टन कोण?

परवा रात्री नाशिकहून ताईचा फोन आला. आवाज रडवेला. “अगं, कुठल्या घरात दिली आपण पोरगी?” कारण काय, तर व्हॉट्सॲपवरचा एक फॉरवर्ड. माझी भाची इथे कॅनडात, ऑन्टारिओत राहते. तिची आजेसासू लॉयलिस्ट, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहून पुढे कॅनडात आलेल्या लोकांच्या, वंशजांच्या संघटनेच्या गावातल्या शाखेत आहे. लग्नात आजींनी आपल्या नावापुढची ‘यू.ई.’ ही अक्षरं ताईला कौतुकाने दाखवली होती. आता तो फॉरवर्ड सांगतो की हे लोक म्हणजे कॅनडातले सूर्याजी पिसाळ. सगळे गोरे इंग्रज जमीनदार, गुलाम बाळगणारे. संघटनेत गोऱ्यांखेरीज कुणाला घेत नाहीत, आणि ‘यू.ई.’ लागलं की सरकार आजही 200 एकर जमीन आणि करमाफी देतं. ताईने तो चार गटांवर पाठवूनही दिला होता. मी रात्रभर चिडलेलीच होते.

गद्दारीचं आधी उरकते. 1775 साली अमेरिकेत लढाई पेटली तेव्हा तिथल्या तेराही वसाहती इंग्लंडच्या राजाच्याच होत्या. काहींनी बंड केलं, काहींनी नाही. ज्यांनी राजाची बाजू धरली ते लॉयलिस्ट. त्यांची बाजू चुकली असं कुणी खुशाल म्हणावं. पण पिसाळ वतनाच्या लोभाने फितूर झाला असं आपण ऐकत आलोय, आणि यांच्यातल्या अनेकांची तर होती ती घरंदारं जप्त झाली. ही तुलना बसतच नाही.

जमिनीचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. 9 नोव्हेंबर 1789 रोजी क्यूबेकमध्ये गव्हर्नर लॉर्ड डॉर्चेस्टरने हुकूम काढला, की युद्ध संपवणाऱ्या 1783 च्या तहाआधी राजाच्या निशाणाखाली आलेल्या कुटुंबांची वेगळी नोंद ठेवा. त्यांच्या मुलांना वयात आल्यावर आणि मुलींना वयात आल्यावर किंवा लग्न झाल्यावर 200 एकर मिळत. ‘यू.ई.’ ही अक्षरंही त्याच हुकुमातून आली, ‘युनिटी ऑफ द एम्पायर’ची, म्हणजे साम्राज्याच्या एकतेची. पण ही अठराव्या शतकातली गोष्ट. आज संघटना देते ते एक प्रमाणपत्र, आणि तेही आपल्यापासून मूळ पुरुषापर्यंत प्रत्येक पिढीचा पुरावा जोडल्यावर. आजींनी त्यासाठी चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी शोधल्या. एक एकर नाही, एक डॉलरची करमाफी नाही. नुसतं सभासद व्हायला तर वंशज असण्याचीही अट नाही. मी स्वतः होऊ शकते.

आता ‘सगळे गोरे’. माझा खरा संताप या वाक्यावर आहे.

1783 साली इंग्रज सैन्य न्यूयॉर्क सोडून निघालं, तेव्हा जहाजावर चढणाऱ्या कृष्णवर्णीयांची एक वही लिहिली गेली. त्या काळच्या भाषेत तिचं नाव ‘बुक ऑफ निग्रोज’. त्यात सुमारे 3,000 माणसं आहेत: नाव, वय, वर्णन, आधीचा मालक कोण, कुठल्या जहाजाने कुठे निघाले. हे बहुतेक मालकांकडून पळून इंग्रजांच्या बाजूला आलेले, कारण इंग्रजांनी स्वातंत्र्याचा शब्द दिला होता. ‘लाबोंदान्स’ या जहाजाच्या यादीत एक नाव आहे, हॅरी वॉशिंग्टन, वय 43. मालकाच्या रकान्यात लिहिलंय, जनरल वॉशिंग्टन. सात वर्षांपूर्वी त्यांना सोडून आला. होय, तेच जॉर्ज वॉशिंग्टन. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा सेनापती एकीकडे, आणि त्याच्याच घरातून स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी पळालेला माणूस दुसरीकडे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने या माणसाला गोरा जमीनदार ठरवलं!

हॅरी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशियात उतरला. शेलबर्नजवळच्या बर्चटाउनमध्ये अशी शेकडो कुटुंबं राहिली. कबूल केलेली जमीन बहुतेकांना मिळालीच नाही, मिळाली ती थोडी आणि खडकाळ. जुलै 1784 मध्ये, हे लोक कमी मजुरीत काम करतात म्हणून, सैन्यातून सुटलेल्या गोऱ्यांनी त्यांची घरं पाडली. शेवटी 1792 मध्ये जवळजवळ 1,200 जण हॅलिफॅक्सहून 15 जहाजांनी पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला निघून गेले. हॅरीही गेला. या माणसांवर एकदा त्यांच्याच बाजूच्या लोकांनी अन्याय केला. आता आपण मराठीतून त्यांचं नावच पुसायचं?

आणि मी राहते त्या ब्रँटफर्डचं नाव कुणावरून पडलं? थायेंडानेगिया, म्हणजे जोसेफ ब्रँट, हा मोहॉक या इथल्या मूळ रहिवासी जमातीचा पुढारी. राजाच्या बाजूने लढून त्याच्या लोकांची न्यूयॉर्ककडची भूमी गेली, आणि 1783 च्या तहात त्यांचा उल्लेखसुद्धा नाही. 25 ऑक्टोबर 1784 ला तेव्हाचा गव्हर्नर हॅल्डिमंडने त्यांना ग्रँड नदीच्या दोन्ही काठांची सहा-सहा मैल रुंद पट्टी दिली. आज त्यातली पाच टक्केही त्यांच्याकडे उरलेली नाही. ते स्वतःला राजाची प्रजा नव्हे, मित्र समजत, आणि हा फरक त्यांचे वंशज आजही ठासून सांगतात. इथलं 1785 चं मोहॉक चॅपल माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. ताई आली की आधी तिथेच नेणार आहे.

राहिलं गुलाम बाळगण्याचं. ते खरं आहे, सगळ्यांचं नसलं तरी अनेकांचं. 1790 च्या इंग्रजी कायद्याने तर अमेरिकेतून येणाऱ्यांना गुलाम बिनजकात आणायची मुभाच दिली होती. मार्च 1793 मध्ये ॲडम व्रूमन या लॉयलिस्टाने क्लोई कूली हिला दोराने बांधून, नावेत घालून, नायगारा नदीपलीकडे विकलं. ती ओरडत होती, झगडत होती. हे गव्हर्नर सिमको यांच्या कानावर घालणारा पीटर मार्टिन कृष्णवर्णीय होता, आणि बटलर्स रेंजर्स या राजाच्या बाजूच्या पलटणीत लढलेला लॉयलिस्टच होता. त्याच वर्षी इथे, आजच्या ऑन्टारिओत, गुलामगिरीविरुद्ध कायदा झाला. त्याने होते ते गुलाम सुटले नाहीत, पण नवे आणणं थांबलं.

आजींना मी क्लोईबद्दल विचारलं. त्यांना ठाऊक होतं. शाखेच्या सभेत यावर बोलणं झालंय म्हणाल्या. ताई, ज्या चार गटांवर तो फॉरवर्ड पाठवलास, त्या चारही गटांवर हेही पाठव. हॅरीच्या नोंदीचा फोटो मी तुला वेगळा पाठवते.