झेंगझोऊचा लाल कोड आणि आपल्या गप्पांमधला चीन

सप्टेंबर २०२२च्या अखेरच्या आठवड्यात चीनमध्ये लष्करी उठाव झाला असून शी जिनपिंग नजरकैदेत आहेत, ही अफवा भारतात ट्विटरवर गाजत होती आणि आपल्या काही वृत्तवाहिन्यांनी तिच्यावर चर्चाही रंगवल्या. मी राहतो त्या शांघायमध्ये त्या दिवसांत लोकांना विवंचना होती ती एकच : १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत गावी गेलो, तर कोविडचे निर्बंध परत येऊ देतील का? २७ सप्टेंबरला शी बीजिंगमधील एका प्रदर्शनात हजर झाले. समरकंदच्या परिषदेहून ते नुकतेच परतले होते आणि परदेशातून येणाऱ्याला तेव्हा विलगीकरण सक्तीचे होते, एवढे साधे कारण त्यांच्या न दिसण्यामागे असावे. पुढच्याच महिन्यात पक्षाच्या विसाव्या अधिवेशनानंतर ते तिसऱ्यांदा सरचिटणीस झाले. उठावाची बातमी चालवणाऱ्यांपैकी कोणी दिलगिरी व्यक्त केल्याचे माझ्या पाहण्यात आले नाही.

ही एक तऱ्हा झाली. दुसरी तऱ्हा आमच्या पुण्यातील मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून उगवते. नऊ तासांत रेल्वे स्थानक बांधल्याची जी चित्रफीत तिथे फिरते, ती फुजियान प्रांतातील लोंगयानची, २०१८ची आहे. त्या रात्री स्थानक बांधलेच नव्हते; नव्या मार्गाचे रूळ असलेल्या स्थानकाला जोडले होते. (सुमारे दीड हजार कामगारांनी नऊ तासांच्या आत ते केले, हेही काही थोडके नाही.) चित्रफितीखाली कोणीतरी लिहितोच, की आपल्याकडेही दहा वर्षे हुकूमशाही हवी. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी पालघर जिल्ह्यात जमीन मिळवताना गेलेली वर्षे त्याच्या मनात सलत असतात, आणि चीनने २०२४ अखेरपर्यंत टाकलेले सुमारे ४८,००० किलोमीटरचे वेगवान रेल्वेमार्ग त्याला तोंडपाठ असतात. त्याची चीड मला समजते. मी स्वतः त्या गाड्यांतून हिंडतो आणि त्या वेळेवर सुटतात. पण उठावाची वाट पाहणारे आणि हुकूमशाही मागणारे या दोघांनीही हेनान प्रांतातील ठेवीदारांची हकीकत ऐकायला हवी.

एप्रिल २०२२मध्ये हेनानमधील चार लहान ग्रामीण बँकांनी ठेवी काढण्यास अचानक मनाई केली. पैसे ऑनलाइन ठेवलेले असल्यामुळे खातेदार देशभर विखुरलेले होते. दाद मागण्यासाठी ते जूनमध्ये प्रांताची राजधानी असलेल्या झेंगझोऊकडे निघाले, तेव्हा त्यांच्या मोबाइलवरील आरोग्य कोड, म्हणजे कोविडचा धोका रंगातून दाखवणारे सरकारी कोड, हिरव्याचे लाल झाले. त्या काळात लाल कोड म्हणजे काय, हे इथे राहिलेल्यालाच कळेल : दुकान, बस, स्वतःच्या सोसायटीचे फाटक, सगळीकडे तो कोड दाखवावा लागे, आणि लाल दिसताच समोरचा माणूस दोन पावले मागे सरके. कोणाला कोविड झाला नव्हता, कोणी रुग्णाच्या संपर्कातही आले नव्हते. चिनी समाजमाध्यमांवर आणि वृत्तपत्रांतही एवढा गहजब झाला, की शहराच्या शिस्तपालन समितीला चौकशी करावी लागली. १,३१७ ठेवीदारांचे कोड जाणूनबुजून लाल केल्याचे तिने जाहीर केले आणि पाच अधिकाऱ्यांना शिक्षा झाली. तरीही १० जुलैला झेंगझोऊत मध्यवर्ती बँकेच्या शाखेसमोर जमलेल्या ठेवीदारांना पांढरे शर्ट घातलेल्या माणसांनी मारहाण करून फरपटत नेले. आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी घोषणा झाली, की १५ जुलैपासून आधी ५०,००० युआनपर्यंतच्या आणि मग टप्प्याटप्प्याने त्यावरच्या ठेवी परत मिळू लागतील.

मराठी वाचकाला इथे पीएमसी बँक आठवल्याशिवाय राहणार नाही. सप्टेंबर २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. ऑक्टोबरमध्ये खातेदार मुंबईत भाजपच्या कार्यालयाबाहेर जमले, त्यांनी घोषणा दिल्या आणि अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना त्यांच्यासमोर येऊन बोलावे लागले. त्यासाठी कोणाचा मोबाइल लाल झाला नाही. मात्र बँकेचे विलीनीकरण व्हायला जानेवारी २०२२ उजाडले, आणि पाच लाखांवरच्या ठेवींसाठी दहा वर्षांपर्यंतचे हप्ते ठरले. ज्याचे पैसे अडकले आहेत, तो यातले काय पसंत करील, हे मी पुण्यातल्या गप्पांत छातीठोकपणे सांगू धजत नाही. एवढे मात्र सांगतो, की ज्या यंत्रणेने आठवड्याच्या आत पैसे वाटायला काढले, तिनेच महिनाभर आधी त्याच माणसांना लाल ठरवले होते. वेग तेवढा द्या, धाक तुमच्याकडेच ठेवा, असा सौदा तिच्याशी होत नाही.

हेनानचाच विषय निघाला म्हणून आणखी एक. आमच्या कारखान्यात सुट्या भागांच्या तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या एक बाई त्या प्रांतातील झोऊकोऊच्या आहेत. त्या कित्येक वर्षे शांघायमध्ये राबतात, पण त्यांचा मुलगा आजीच्या भरवशावर, वसतिगृहात राहून तिकडे शिकतो, कारण १९५८च्या कायद्याने पक्की झालेली हुकौ, म्हणजे मूळ गावाची नोंद, त्यांच्या कुटुंबाला अजून चिकटलेली आहे. शांघायमध्ये विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा द्यायची, तर आईबापांच्या निवास परवान्यावर शिक्षण, नोकरी वगैरेंचे मिळून १२० गुण भरावे लागतात. टेबलावर मोजपट्टी घेऊन बसणाऱ्या बाईचे ते कुठून भरणार? रविवारी दुपारी मुलाला वसतिगृहात फोन हातात मिळतो, तेव्हा ओव्हरटाइमवर असल्या तरी त्या हातमोजे काढून जिन्यात जातात. २०२०च्या जनगणनेनुसार हुकौच्या जागेपासून दूर राहणारे असे ३७ कोटींहून अधिक लोक आहेत. मुंबईत येणाऱ्यांना परवाना हवा, अशी मागणी आपल्याकडे अधूनमधून होते. मागणाऱ्यांनी तो परवाना कसा चालतो ते इथे येऊन पाहावे. बिहारमधून आलेल्या मजुराचा मुलगा मुंबईत दहावीला बसतो, याचे मोल मला त्या जिन्यापाशी कळले.

यातले फारसे काही भारतात पोहोचत नाही, कारण गलवाननंतर दोन्हीकडची दारे बंद होत गेली. जून २०२०मध्ये आपले वीस जवान शहीद झाले. चीनने आपले चार सैनिक दगावल्याचे फेब्रुवारी २०२१मध्ये मान्य केले, आणि त्या आकड्यावर शंका घेणाऱ्या एका चिनी ब्लॉगलेखकाला आठ महिन्यांची कैद झाली. इथल्या माध्यमांतला भारतही आपल्या वाहिन्यांवरच्या चीनइतकाच एकांगी असतो. मे २०२१मध्ये पक्षाच्या एका आयोगाच्या वेइबो या चिनी समाजमाध्यमावरील खात्याने चीनचे अग्निबाण प्रक्षेपण आणि भारतातील कोविडबळींच्या चिता शेजारी शेजारी ठेवून थट्टा केली. ती मागे घ्यावी लागली, ती प्रामुख्याने चिनी वाचकांच्याच संतापामुळे, आणि हा दुसरा भाग आपल्याकडे क्वचितच कोणाला ठाऊक असतो. २०२३च्या सुरुवातीला चीनमध्ये जेमतेम चार भारतीय वार्ताहर होते. मग दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या पत्रकारांचे व्हिसा अडवले. झेंगझोऊसारखे पुन्हा काही घडले, तर मराठी वाचकापर्यंत ते बहुधा एखाद्या पाश्चात्त्य वृत्तसंस्थेच्या मजकुरातून येईल, आणि तो लिहिणाऱ्याला पीएमसी बँक ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही.