'मागीर दितां' म्हणजे देत नाही

फोंड्याहून पणजीला रोज खासगी बसने जाणाऱ्या माणसाला 'मागीर दितां' (कोकणीत 'नंतर देतो') या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गेल्या सोमवारी मी 50 रुपयांची नोट दिली, 5 रुपये परत यायचे होते, आणि 'बाय, सुटे नात' (ताई, सुटे नाहीत) असे म्हणत कंडक्टर पुढे सरकला तेव्हा त्याच्या कमरेच्या पिशवीत नाणी खुळखुळत होती. बाणस्तारीचा पूल गेला, जुने गोवे गेले, पणजीला उतरताना मी पुन्हा मागितले, तर मी त्याच्याकडे हात पसरला असावा तसे त्याने माझ्याकडे पाहिले. वर मागच्या सीटवरचे एक गृहस्थ मलाच म्हणाले, "पाच रुपयांसाठी कशाला वाद घालता?"

माझा खरा संताप या वाक्यावर आहे. पैसे ठेवून घेणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही आणि स्वतःचे पैसे मागणारी मात्र चिक्कू ठरते, हा कुठला न्याय?

तिकीट तर मिळतच नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 178 नुसार तिकिटाविना प्रवास करणाऱ्याला जसा 500 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, तसाच तो तिकीट न देणाऱ्या कंडक्टरलाही होऊ शकतो. तरीही तिकीट मागितले की 'कशाक जाय?' असा उलटा प्रश्न येतो. कशाला म्हणजे? मी भाडे भरले याचा पुरावा म्हणून, उद्या अपघात झालाच तर मी या गाडीत होते हे दाखवता यावे म्हणून, आणि किती पैसे घ्यायचे होते व किती घेतले हे कागदावर दिसावे म्हणून. तिकीट नसले की माझे 5 रुपये नेमके कुठे गेले, हे बसमालकालाही कळत नाही.

सकाळच्या पहिल्या फेरीला बरेच जण 100 आणि 200 च्या नोटा काढतात, त्यामुळे सुट्यांची अडचण होते, हे मला मान्य आहे. पण अडचण खरी असेल, तर तिचा भुर्दंड दर वेळी प्रवाशावरच का पडावा? 'तुम्ही 40 च द्या, उरलेले उद्या द्या' असे एकाही कंडक्टरने मला आजवर म्हटलेले नाही.

म्हार्दोळला चढलेल्या, शाळेच्या गणवेशातल्या एका मुलीकडे मागच्या महिन्यात 3 रुपये कमी पडले होते. दप्तराचे सगळे कप्पे उलटेपालटे करताना तिचे हात थरथरत होते, आणि हाच कंडक्टर भर गाडीत मोठ्याने विचारत होता की पैसे नसतील तर बसमध्ये चढायचे कशाला. शेवटी शेजारच्या बाईने ते 3 रुपये भरले. ते गृहस्थ त्या दिवशीही मागच्याच सीटवर होते; "तीन रुपयांसाठी कशाला वाद घालता?" असे त्यांनी कंडक्टरला विचारले नाही.