मातशें पळय हां!

पणजीत पाटोवर को-वर्किंगमध्ये महिन्याच्या भाड्याने टेबल घेतलंत? अभिनंदन. आता तिथे लॅपटॉप सांभाळायचा कसा, हे विचारताय. मी तीन वर्षं असल्या टेबलावर बसतो आहे, सांगतो.

आधी दार. कार्ड लावल्याशिवाय न उघडणारं ते काचेचं दार शोभेला असतं. मागून कुणी एका हातात हेल्मेट आणि दुसऱ्या हातात पावांची पिशवी घेऊन येत असेल, तर दार धरून उभं राहायचं. 'तुमचं कार्ड कुठाय?' असं विचारणं म्हणजे माणसाचं कूळ काढणं. विचारायचंच असेल तर 'गांव खंयचो?' विचारा. तो 'दिवचल', म्हणजे डिचोली, म्हणाला की झाली पडताळणी, कारण तुमची मावशी डिचोलीलाच दिलेली आहे. डिचोलीच्या माणसाने लॅपटॉप चोरल्याचं निदान मावशीच्या तरी ऐकिवात नाही.

मग कुलूप. लॅपटॉपच्या कडेला सात मिलिमीटर लांब आणि तीन मिलिमीटर रुंद अशी एक खाच असते. (नव्या सडपातळ लॅपटॉपांना ती बरेचदा नसतेच. चोरालाही हलकं सामान बरं पडतं.) त्या खाचेत अडकवायचं वायरवालं केन्सिंग्टन पद्धतीचं लॉक मी हौसेने घेतलं, चार आकड्यांचं. दुकानातून आलं तेव्हा ०००० वर होतं. लक्षात राहायला सोपं, म्हणून तेच ठेवलं. वायरीचं वेटोळं टेबलाच्या पायात घातलं आणि महिनाभर भाटकारासारखा, म्हणजे जमीनदारासारखा, निर्धास्त फिरलो. एके दिवशी सकाळी लवकर आलो, तर झाडू मारणाऱ्या मावशींनी टेबलाचा कोपरा एका हाताने उचलला, पायाखालून वेटोळं ओढून काढलं, केर लोटला आणि वेटोळं पुन्हा होतं तसं घालून ठेवलं. सगळं मिळून तीन-चार सेकंद. 'रोजच काढते रे बाबा, झाडू अडकतो मरे,' म्हणाल्या.

पुढे पावसाळा लागला. इथल्या खाऱ्या दमट हवेत आकड्यांची चाकं गंजून बसली, आणि तेव्हा कुठे ते लॉक खरोखर भक्कम झालं. मलाच उघडेना. चवथीला घरी जायचं म्हणजे टेबलही गाडीत घालावं लागणार की काय, असं वाटलं. शेवटी मावशींनीच टेबल उचलून दिलं आणि मी लॅपटॉप शेपटीसकट घरी नेला. गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली बसून काकांनी विचारलं, 'हें कितें रे, गोरवां बांदपाचें दावें?' तेव्हा तुम्हीही लॉक जरूर घ्या, पण वायर टेबलाच्या आरपार भोकातून किंवा भिंतीतल्या कडीतून ओवण्याचा अरसिकपणा करू नका. मावशींची गैरसोय होते.

पासवर्ड ठेवायला हरकत नाही. उठताना विंडोजची कळ आणि एल दाबून स्क्रीन लॉक करणारे लोक मात्र मला संशयी वाटतात. तसंही पासवर्डाने चोराचं फारसं अडत नाही. आतली एसएसडी, म्हणजे सगळ्या फायली जिच्यात असतात ती, च्युइंगमच्या पट्टीएवढी असते. ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडली आणि एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, नसली, तर तुमच्या क्लायंटचे करार, आधार कार्डाच्या प्रती, सगळं न विचारता उघडतं. विंडोजमधलं बिटलॉकर किंवा मॅकमधलं फाइलव्हॉल्ट चालू केलं तर हे अडेल म्हणतात. केलंतच, तर बिटलॉकरची ती ४८ आकडी रिकव्हरी की छापून लॅपटॉपच्याच बॅगेत पुढच्या कप्प्यात ठेवा. बॅकअपची हार्डडिस्क बाजूच्या कप्प्यात आणि खरेदीचं बिल आतल्या चेनमध्ये. सिरियल नंबरचा फोटो काढलाच, तर तो त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर असू द्या. माणूस एवढ्या कष्टाने बॅग नेतो, त्याला उद्या वॉरंटीसाठी वणवण करावी लागू नये.

बॅग गेलीच, तर घाई करायची नाही. पाटोवरून कदंबा स्टँड चालत काही मिनिटांवर आहे. तुम्ही टेबलाखाली वाकून बघेपर्यंत तो म्हापशाच्या बसमध्ये खिडकीपाशी बसलेला असेल. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान हे घडलं, तर आधी वामकुक्षी उरका. मोबाईल गेला असता तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर त्याचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, देऊन बंद पाडता आला असता. लॅपटॉपला तो नंबर बहुधा नसतोच. पोलीस सिरियल नंबर विचारतील. तो कुठे आहे, हे तुम्हाला पक्कं ठाऊक असेल.

कायदाही समजून असावा. १ जुलै २०२४ पासून चोरीचं साधं कलम जुन्या भारतीय दंड संहितेचं ३७९ नसून भारतीय न्याय संहितेचं ३०३ आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण माल ५,००० रुपयांच्या आतला, गुन्हा पहिलाच आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असेल, तर नुसती समाजसेवा. माझा कीबोर्ड दोनदा चहा प्यायलेला आहे, बिजागरी सुतळीवर आहे. माझ्या चोराला मिरामारचा किनाराच झाडावा लागेल.

आणि सगळ्यात खात्रीची व्यवस्था सांगायची राहिलीच. उठताना शेजारच्या टेबलावरच्या माणसाला, ओळख असो नसो, 'मातशें पळय हां', म्हणजे 'जरा लक्ष ठेव हां', म्हणायचं. तो मान हलवतो. कशावर लक्ष ठेवायचं, कितीसा वेळ, कुणापासून, काही विचारत नाही. हे लिहीत असताना आत्ताच शेजारची मुलगी तसं सांगून खाली पातळभाजी-पाव खायला गेली. तिच्या टेबलावर तिचा लॅपटॉप आहे, आणि ती ज्याच्यावर लक्ष ठेवून होती त्याचाही. तो अर्ध्या तासापूर्वी गेला. मलाही भूक लागली आहे. समोर एक जण नुकताच येऊन बसलाय, हातात हेल्मेट आणि पावांची पिशवी. चांगला दिसतो. त्याला सांगून जातो.