व्हायरस सारखाच, मग समुदायात जाऊन रिसर्च कशाला?

परत तोच मेसेज फिरतोय. म्हणे एचआयव्हीचा व्हायरस सगळ्यांना सारखाच, कंडोम तेच, गोळ्या त्याच, मग सेक्स वर्कर, तृतीयपंथी, स्थलांतरित अशा एकेका समुदायाला बरोबर घेऊन रिसर्च कशाला, नुसत्या गप्पा आणि मीटिंगा, ना कंट्रोल ग्रुप (तुलनेसाठी ठेवलेला वेगळा गट) ना विज्ञान, तो पैसा सरळ औषधांना द्या.

व्हायरस सारखाच, मान्य. पण गोळी रोज कुणीतरी गिळायला लागते ना राव! केनिया-युगांडातल्या ट्रायलमध्ये जोडप्यांपैकी एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही, तर त्या दुसऱ्याला प्रेपची (एचआयव्ही होऊच नये म्हणून आधीपासून रोज घ्यायची) गोळी दिली आणि लागण 75 टक्क्यांनी घटली. तीच गोळी व्हॉइस नावाच्या ट्रायलमध्ये, दक्षिण आफ्रिका, युगांडा, झिम्बाब्वेतल्या 5 हजारांवर बायकांमध्ये तपासली, आणि 2013 ला निकाल आला तेव्हा फायदा शून्य. विचारलं की बायका सांगायच्या घेतो की गोळ्या, हिशोब 90 टक्के गोळ्या घेतल्याचा, आणि साठवलेलं रक्त तपासलं तर जेमतेम 30 टक्के नमुन्यांत औषध सापडलं. का? ते रक्तात दिसत नाही, ते बायकांशी नीट बसून बोलल्यावर कळलं: डबी कुणी बघितली तर मलाच एड्स आहे म्हणतील, पार्टनरला काय सांगू, मी ठणठणीत आहे तर औषध कशाला. मेसेजवाल्याच्या भाषेत ह्या 'नुसत्या गप्पा'. आधी झाल्या असत्या तर?

कंट्रोल ग्रुप नसतो हे तर सरळ खोटं. कोलकात्याच्या सोनागाचीत, म्हणजे तिथल्या रेड लाइट वस्तीत, 1992 पासून सेक्स वर्कर बायकाच एकमेकींना एचआयव्हीपासून बचाव शिकवतात, ते मॉडेल भारतातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी वापरून बघितलं आणि तुलनेला वेगळी वस्ती ठेवली. 2004 ला छापलं: कंडोमचा वापर मॉडेल वापरलं तिथे 39 टक्के वाढला, तुलनेच्या वस्तीत 11. अभ्यास छोटा होता, आणि आकडा बायकांनी सांगितलेला, म्हणजे व्हॉइसच्या न्यायाने त्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. दक्षिण आफ्रिकेत तर 70 गावांत गटचर्चांचा ट्रायल झाला, त्यात एचआयव्हीत ठोस फरक पडला नाही, जननांगाच्या नागिणीच्या (हर्पिसच्या) नव्या केसेस मात्र साधारण एक तृतीयांशाने कमी. जमलं नाही तेही छापलं, हे विज्ञान नाही तर काय?

एक गोष्ट मेसेजची बरोबर आहे, सगळं ठरल्यावर समुदायातल्या दोघांना खुर्चीवर बसवून फोटो काढायचे असले प्रकार चालतात, त्याला रिसर्च म्हणू नका.

राहता राहिला पैसा, समुदायाला न विचारता सरळ औषधांना दिला तर काय होतं तेही बघा. कंबोडियात प्रेपचाच ट्रायल ठरला होता, 960 सेक्स वर्कर बायका घेऊन, औषध तयार, डॉक्टर तयार. बायकांच्या संघटनेने विचारलं, आम्हाला काही झालं तर नंतर उपचार कोण करणार? पटेल असं उत्तर मिळालं नाही, आणि 2004 मध्ये सरकारने तो सुरू व्हायच्या आधीच बंद पाडला.